पाठमोरी पोर

ज्या घरात लेकरू नाही, त्या घराच्या दोरीवर छोटासा फ्रॉक वाळत घातलेला दिसला, तर तुम्ही काय समजाल? मी आधी समजले, वाऱ्याचं काम. आमच्या सोसायटीत गच्चीला गच्ची चिकटलेली, कुणाचं धुणं उडून कुणाकडे जाईल नेम नाही. मी फ्रॉक उचलला आणि सगळी गल्ली फिरले. "हा कोणाचा गं? हा कोणाचा?" कोणाचाच नाही. परत येते तर आमच्या भिंतीपलीकडची योगिता जिन्यात उभी, हात पुढे केलेला.

"मावशी, आमचा आहे तो," म्हणाली. अगदी सरळ तोंडानं. नेला, झटकला, आणि दोन चिमटे लावून परत दोरीवर घातला.

मी सरला. भेस्तानला राहून माझे केस पिकले. माझा नवरा लोटू, तो लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात कामाला, मी घरी बसून साड्यांना टिक्या चिकटवते आणि नातीला सांभाळते. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणोत बापडे, उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच मला येतं. पण सरलाबाई घाबरली असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी घाबरले.

कारण त्या घरात लेकरू झालं होतं, आणि ते राहिलं नव्हतं. योगिताचं नव्हे. तिच्या सवतीचं.

तर आता आधीचं सांगते. चेतन म्हणजे आमच्या शेजारच्या सुभद्राबाईंचा मुलगा. भरतकामाच्या मशीनवर कारागीर आहे, अबोल माणूस. त्याची पहिली बायको वर्षा. काय पोर होती! पर्वत पाटियाकडच्या कापडबाजारातल्या गाळ्यांतून साड्यांच्या चिंध्या गोणीनं आणायची आणि मांजरपाटावर शिवून त्यांची चित्रं करायची. पोपट, मोर, कानबाई देवी. मोबाइलवर तिनं स्वतःचं पान काढलं होतं, 'वर्षाची चिंधीकला' म्हणून, वर स्वतःचा हसरा फोटो. लोक कुठून कुठून मागवायचे. त्यातल्या एक बडोद्याच्या सुनंदाबाई, बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांचा नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेली. त्याची झोप मोडू नये म्हणून ही बाई फोन करायची नाही, सगळं लिहूनच. आधी चित्रांबद्दल लिहायची, मग भाजीबद्दल, मग मनातलं. वर्षाला दिवस गेले तेव्हा आईला कळायच्या आधी त्या बाईला कळलं होतं.

वर्षा बाळंतपणात गेली. मुलगी झाली होती, तीही तासाभरानं गेली.

नंतर एके दिवशी वर्षाचा फोन वाजला. सुनंदाबाईंचा मेसेज: 'काय झालं गं?' चेतननं लिहिलं, 'मुलगी.' पुढचं वाक्य लिहायला त्याचा अंगठा उचलेना. तेवढ्यात पलीकडून आलं, 'दोघी बऱ्या ना?' आणि या बाबानं लिहिलं, 'हो.' नंतर सांगू म्हणून लिहिलं. ते नंतर कधी आलंच नाही. बाई विचारायची, हा दोन शब्दांत उत्तर द्यायचा. बाईनंच नाव सुचवलं, मानसी. हा म्हणाला, चालेल.

चार-पाच महिन्यांनी सुभद्राबाईंनी योगिताला आणलं. दोंडाईचाकडची. तिचाही हा दुसरा संसार, पाटाची बायको. पहिल्यानं सोडली होती, मूल होत नाही म्हणून. तो सगळा गाव तिला काय म्हणायचा ते मी इथं बोलत नाही. लग्नाच्या दिवशीच सुभद्राबाईंनी तिच्या गळ्यात चांदीच्या पत्र्याचा छोटासा टाक बांधला. आमच्यात रीत आहे. पहिली मेली की दुसरीनं तिच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. बांगडी तशीच, सणाचा घास तसाच. आधी तिचं, मग तुझं. मी हे शंभर घरांत बघितलंय, काही वाटत नाही त्याचं. पण योगिता ते मनावर घेणारी निघाली. गळ्याशी हात नेल्याशिवाय ती पाणीसुद्धा प्यायची नाही.

मग चेतननं तिच्या हातात वर्षाचा फोन दिला. "माझ्यानं होत नाही. तू सांगून टाक त्या बाईंना," म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. बघा! आपण लावलेली आग दुसऱ्यानं विझवायची.

हे सगळं मला योगितानंच सांगितलं, त्या फ्रॉकच्या दिवशी. मी तिला हाताला धरून बसवलं आणि म्हटलं, "बोल. नाहीतर मी सुभद्राबाईंना विचारते." ती लगेच बोलली. वाट बघत असल्यासारखी.

"मी खरंच सांगायला बसले होते मावशी. 'मी वर्षा नाही' एवढं लिहायचं होतं. तर त्यांचा मेसेज आला, मानसी पालथी पडायला लागली का? आणि मी लिहिलं, हो, कालच पडली."

"का गं? का लिहिलंस असं?"

"आजवर मला कुणी विचारलं नव्हतं, तुझं लेकरू काय करतं म्हणून."

मी उठून चहा ठेवला.

एकदा पालथी पडली म्हटल्यावर पोर रांगायला लागणारच. रांगली. दात आले. पहिल्यांदा उंबरा ओलांडला तेव्हा योगितानं रीतीची पोळी केली, म्हणजे खरंच केली, आणि फोटो काढून पाठवला. पोरीला बडोद्याची आजी म्हणता येईना, ती 'बोद्याची आजी' म्हणायला लागली. सुनंदाबाई ते सगळं नवऱ्याला वाचून दाखवायची. नवरा हसायचा म्हणे, अर्ध्या तोंडानं. दिवाळीला, वाढदिवसाला बडोद्याहून पार्सल यायचं, फ्रॉक, टोपडं, स्वेटर, दर वेळी एक माप मोठं. योगिता ते आधी गळ्यातल्या टाकाला लावायची, पोरीच्या आईला दाखवल्यासारखं, मग धुवायची.

"धुतेस कशाला?" मी विचारलं.

"बाजारचं नवं कापड तसंच पोरीच्या अंगाला लावायचं का मावशी?"

ती थट्टा करत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, त्या बाईनं कधी फोटो मागितला नाही? मागितला. योगितानं लिहिलं, आमच्यात जावळ काढल्याशिवाय फोटो काढत नाहीत. मग लिहिलं, सासूबाई नजरेला फार भितात. बाई हिरमुसली. तेव्हा योगितानं वर्षाची चिंध्यांची गोणी माळ्यावरून खाली काढली. तिला शिवण येत होतं, चित्रबित्र काही येत नव्हतं. तिनं मांजरपाटावर एक उंबरा शिवला, आणि उंबऱ्यात बसलेली एक पोर, पाठमोरी. जाळीचा फ्रॉक, मशीनच्या काळ्या दोऱ्याचे केस, मानेवर एक बट सुटलेली. फोटोऐवजी ही, म्हणून पाठवून दिली. बडोद्याहून उत्तर आलं, 'पाठ तर पाठ. मी त्यांच्या पलंगासमोर लावलीय.'

ते चित्र चेतननं पाठवायच्या आधी पानावर टाकलं होतं. झालं. वर्षाच्या मोरांना जितकी माणसं कधी आली नव्हती तितकी त्या पाठमोऱ्या पोरीला आली. अशीच एक आम्हाला द्या. मग योगिता करतच गेली. पोर लूमच्या खात्याच्या दारात उभी, पोर उसाच्या गाडीमागे चाललेली, पोर तापी बघतेय. दर खेपेला अंगानं थोडी मोठी. आणि तोंड तिकडेच.

लोकही काय एकेक! घेऊन गप्प बसणारे नव्हते ते. चित्र लावलं की भिंतीचा फोटो काढून पाठवायचे, लांब लांब लिहायचे. बेळगावच्या एका मास्तरांनी देव्हाऱ्याशेजारी लावली. कोणी जिन्याच्या वळणावर. एकीनं लिहिलं, माझी बहीण लहानपणी अशीच बसायची, ती आता नाही, पण तुम्हाला तिची मान कशी कळली? योगिता मला एकेक वाचून दाखवायची तेव्हा तिचं तोंड असं उजळायचं की मला बोलवत नसे. जिला आयुष्यभर कुणी 'छान' म्हटलं नाही, तिला परकी माणसं जीव लावत होती. "बघा मावशी, आपली पोर बेळगावात आहे. ही इंदूरला." सगळे मेसेज वर्षाच्या नावानं. 'वर्षाताई, तुमच्या हातात जादू आहे.' मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, काम तुझं, नाव तरी तुझं टाक. कानामागून आली अन् तिखट झाली असं कुणी म्हणणार नाही तुला." तिनं गळ्याशी हात नेला. "आधी तिचं," म्हणाली. नावसुद्धा तिनं टाकाला लावलं होतं, आणि ते परत घ्यायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

इंदूरच्या बाईंनी मात्र असं काही लिहिलं की माझ्या अंगावर काटा आला. 'आमच्या सासूबाई जाता-येता तुमच्या पोरीशी बोलतात. म्हणतात, वळ की गं बाई इकडे. काल म्हणाल्या, वळत होती, तूच दिवा लावलास.'

"चेहरा करून टाक एकदाचा," मी म्हटलं. "सगळे तेच मागतायत."

"मला कुठे माहीत आहे तो," योगिता म्हणाली.

आणि खरं सांगते, घरात ती पोर होती. हसू नका. भिंतीतून मला दुपारी गुणगुण ऐकू यायची, मग मध्येच थांबायची, कुणी काही विचारल्यासारखी, मग योगिता उत्तर द्यायची. एकदा मी टिक्यांचं काम घेऊन तिच्याकडे बसले होते. पाय पसरले होते. ती शिवता शिवता म्हणाली, "पाय घ्या ना मावशी." मी पाय घेतले. "जा बाई, जा," असंही म्हणाले मी, या तोंडानं म्हणाले. पाय परत पसरताना लक्षात आलं की तिथून जाणारं कोणी नव्हतं. साडी तशीच गोळा करून मी घरी आले आणि लोटूला म्हटलं, आज दिवे लवकर लाव.

चेतन? चेतन डबल ड्यूटी करायचा. आणि सुभद्राबाई तोंडात मूग धरून. दोरीवर फ्रॉक दिसला की म्हातारी उठून आत जायची. तिला वाचता येत नाही, फोनमधलं तिला काही ठाऊक नव्हतं. फ्रॉक कोणाचा, एवढंही तिनं चार वर्षांत विचारलं नाही. मला वाटायचं, काय दगड आहे ही बाई!

या श्रावणात सुनंदाबाईंचा मेसेज आला. नवरा गेला. तेरावं झालं. 'आता मला बांधून ठेवणारं कोणी नाही. शनिवारी येते. ह्यांनी खुणेनं सांगून मानसीसाठी चांदीचे पैंजण करवून घेतले होते. माझ्या हातानं तिच्या पायात घालते.'

शुक्रवारी दुपारी योगिता माझ्या दारात. ओठ पांढरेफटक.

"मावशी, तुमच्या नातीला तासाभरासाठी द्याल?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी अशी ओरडले की समोरची धुडकूची बायको दारात आली. "अक्कल गहाण टाकलीस का गं? जितं लेकरू मेलेल्याच्या जागी उभं करायचं? त्याच्या नावानं हाक मारायची? माझ्या सोन्यासारख्या पोरीला? फिर माघारी! आधी फिर!"

ती फिरली नाही. खाली मान घालून म्हणाली, "मग ती उद्या मरेल."

"अगं, ती मेलेलीच आहे!"

"तुमच्यासाठी, मावशी," ती म्हणाली. "मी तिला चालायला शिकवलंय. तिला ताप आला तेव्हा मी जागलेय. उद्या ह्या बाईंना खरं कळलं की तिला विचारणारं जगात कोणी उरणार नाही. मग ती कुठे राहील?"

मी नात दिली नाही. देणारही नव्हते, आजही देणार नाही. पण शनिवारी सकाळी पाय घरात ठरेनात. हिला एकटीला कसं सोडायचं? गेले. चेतननं मशीन बिघडल्याचं सांगून पळ काढला होता, त्याची मला खात्रीच होती. सुभद्राबाई आतल्या खोलीत पडून होत्या, दाराकडे पाठ करून. योगितानं घर लख्ख केलं होतं. फक्त एक गोष्ट तिनं केली नव्हती. भिंतीवरचा वर्षाचा हार घातलेला फोटो काढला नव्हता. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं तर म्हणाली, "हात लागत नाही माझा."

रिक्षा थांबली. सुनंदाबाई उतरल्या. साधी सुती साडी, कपाळ मोकळं, गुडघ्याला पट्टा. दारातच त्यांनी योगिताला मिठी मारली. "फोटोत वेगळीच दिसायचीस गं. किती वाळलीस!" मग मागे होऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काय काय बोलल्या. तू नसतीस तर ही चार वर्षं मी काढली नसती. ह्यांना सकाळी उठवलं की आधी तुझ्या पोरीकडे बोट करायचे, काही आलं का? योगितानं हात गळ्याशी नेला. मी शेजारीण म्हणून ओळख सांगितली, पाणी दिलं.

"आणि आमच्या बाईसाहेब कुठायत?"

योगितानं माझ्याकडे बघितलं.

"लपलीय वाटतं," सुनंदाबाई हसल्या. आणि काय सांगू, त्या बाईनं खेळ सुरू केला. दुखऱ्या गुडघ्यानं खाली वाकून पलंगाखाली बघितलं. "इथे नाही गं." पडदा सरकवला. "इथेही नाही. कुठे गेली मानसी? बोद्याची आजी आलीय..." पैंजणांची पुडी कानाशी धरून वाजवली. त्या रिकाम्या खोलीत तो छुमछुम आवाज! मी देवाला म्हटलं, बाबा, आता थांबव. बाई कपाटाच्या मागे डोकावल्या, कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या, आणि समोर भिंतीवर वर्षा.

त्यांनी हाराला बोट लावून बघितलं.

"ही तर वर्षा," त्या म्हणाल्या. मग वळल्या. "तू कोण?"

"योगिता. त्यांच्यानंतरची."

"कधी गेली?"

"बाळंतपणातच."

मला वाटलं बाई खाली बसतील. नाही बसल्या. बँकेत काम केलेली बाई, एकेक विचारत गेली. "आणि मानसी?"

"आईबरोबरच. त्याच दिवशी."

"मग दात आले ते?"

"मी लिहिलं."

"ताप आला होता. मी नवस बोलले होते."

"मी लिहिलं, काकू."

"ह्यांना शेवटच्या दिवसांत मी सांगत होते, थांबा, मानसी यायचीय तुम्हाला भेटायला. श्वास ओढत थांबला तो माणूस." त्यांचा आवाज फाटला. "कुणासाठी थांबला?"

मी मध्ये तोंड घातलं, "बाई, तिच्या मनात पाप नव्हतं हो," तर त्या माझ्यावर खेकसल्या, "मनात काय होतं ते मला नका सांगू. माझ्या घरात काय होतं ते मी बघितलंय." बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी पिशवी उचलली. दाराशी गेल्या. एका पायात चप्पल घातली. योगिता भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या तोंडावर ते होतं जे मी दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या आयांच्या तोंडावर बघितलंय. तिची पोर चालली होती आणि तिला धरता येत नव्हतं.

तेव्हा आतून आवाज आला.

"तिन्हं नाव काय ठेयेल शे?"

सुभद्राबाई. आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या. पदर खाली ओघळलेला. मी चार वर्षांत त्या बाईला असं बघितलं नव्हतं.

"काय नाव ठेवलंय तिचं, विचारतायत," मी हळूच म्हणाले.

दारात, एका पायात चप्पल घातलेल्या सुनंदाबाई म्हणाल्या, "मानसी."

म्हातारीनं ते नाव आधी ओठांतल्या ओठांत म्हटलं. मग छातीवर हात आपटला आणि हंबरडा फोडला. "मानसी व! मन्ही माय व! मी एकलीनीच देखं व तुले! डोकावर कितला केस व्हतात व! तुले नाव नव्हतं व, मी हाक कशी मारू व!"

आमच्याकडे रडणं नुसतं डोळ्यांनी नसतं हो. नाव घेऊन, हाका मारून रडायचं असतं. बारसं न झालेल्या लेकराला नाव नाही, म्हणून त्याला हाक नाही, रडणं नाही, आखाजीच्या सणाला पितरांसोबत त्याच्या नावाची घागर नाही. त्या पोरीला एकट्या सुभद्राबाईंनीच बघितलं होतं, आणि दवाखान्यातच बायकांनी त्यांना गप्प केलं होतं, सुनेसाठी रडा, तिच्यासाठी नको, दुसरी होईल. आणि ही बाई गप्प बसली होती. मी तिला दगड म्हणत होते.

रडत रडत ती पुढे आली आणि योगिताच्या गळ्यात पडली. आमच्यातल्या बाईलाच हे कळेल. मयताच्या घरी कुणाच्याही गळ्यात पडत नाहीत. ज्याचं माणूस गेलं, त्याच्याच गळ्यात पडतात. दारात बाप असो, आजी असो, आई असेल तर आधी आईच्या. सुभद्राबाई योगिताच्या गळ्यात पडून म्हणत होत्या, "तुनी आंडेर गयी व बेटा, तुनी आंडेर गयी." तुझी लेक गेली.

आणि योगिता रडली. बाप रे, काय रडली. पहिल्या घरातून काढली तेव्हाचं, गावानं जे जे म्हटलं तेव्हाचं, सगळं त्या एका नावात. मानसी, मानसी. गुडघ्यांतून खाली बसली तशी म्हातारीही तिच्याबरोबर खाली बसली.

सुनंदाबाईंनी चप्पल काढली. परत आत आल्या. त्यांना आमची रीत ठाऊक असायचं कारण नाही, पण त्या गुडघा दाबत जमिनीवर बसल्या आणि योगिताच्या डोक्यावर हात ठेवला. पैंजण त्यांच्या मुठीतच होते. "मलाही रडू दे गं तुझ्याबरोबर," एवढंच म्हणाल्या.

गल्लीत आवाज गेला होताच. भरदुपारी टिक्या टाकून, गॅस बंद करून बायका डोक्यावर पदर घेत निघाल्या. आमच्यात बोलावणं लागत नाही. धुडकूची बायको सगळ्यांत पुढे. मी उठून दारात गेले. आत तिघींचा तो आकांत, आणि बाहेर सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत.

"कोण गेलं व सरलाबाई?" तिनं विचारलं.

"योगिताची लेक गेली," मी म्हटलं. "चार वर्षांची होती."